आधी घड्याळ, मग पातेलं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री अकरा वाजता आलेला फोन, एका समारंभात उरलेलं दोनशे माणसांचं जेवण, मैत्रिणींना झोपेतून उठवून काढलेली गाडी, आणि एक वाजेपर्यंत स्टेशनबाहेर, पुलाखाली, दवाखान्याच्या आवारात वाढत फिरलेल्या तुम्ही तिघी. ‘शेवटचं पातेलं रिकामं झालं आणि मला रडू कोसळलं,’ असं लिहिलंयस. ते रडू मला ठाऊक आहे. माझंही पहिलं पातेलं असंच मध्यरात्री रिकामं झालं होतं. पुढे जे लिहिणार आहे ते तुला थोडं कडक वाटेल, पण त्या रडण्याचा मान राखूनच लिहितेय.

तुझ्या चार पानांत मी एक गोष्ट शोधत राहिले. तुम्ही किती वाजता पोचलात ते आहे, पातेली किती होती ते आहे, किती जण जेवले तेही आहे. ते अन्न चुलीवरून कधी उतरलं, ते मात्र कुठेच नाही. समारंभ आठचा होता म्हणतेस, म्हणजे स्वयंपाक सहाच्या सुमारास उरकला असणार. शेवटच्या माणसाच्या हातात तो पडला तेव्हा सात तास झाले होते. ‘कुणाला काहीही झालं नाही,’ असंही तू लिहिलंयस. ते तुला कसं कळलं, पोरी? दुसऱ्या दिवशी ती माणसं कुठे होती हे तुला माहीत नाही. रस्त्यावर राहणाऱ्याला रात्री जुलाब लागले तर तो कुणाला फोन करत नाही. त्याच्याजवळ धड संडास नसतो, बदलायला कपडे नसतात, प्यायला पुरेसं पाणी नसतं. आपलं पोट बिघडलं तर आपण एक दिवस घरी पडून राहतो. त्याच्या तो दिवस जिवावर बेतू शकतो.

माझी गोष्ट सांगते. फार कमी जणांना सांगितली आहे.

काम सुरू करून सहाएक महिने झाले असतील. एका रात्री मोठा टोप भरून भात आला. पांढरा, मोकळा, सुरेख. उशीर फार झाला होता म्हणून सकाळी वाढायचा ठरवलं आणि टोपावर घट्ट झाकण घालून ठेवून दिला. सकाळी झाकण काढून मधोमध डाव घातला तर आतून वाफ आली. मला केवढा आनंद झाला! रात्रभर गरम राहिला म्हणजे चांगला राहिला, असं मी समजले. वास घेतला, ठीक. चव घेतली, ठीक. पुन्हा चांगला वाफाळून दुपारी वाढला. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. अकरा माणसं. रोज येणारे एक म्हातारे गृहस्थ त्यानंतर चार दिवस दिसले नाहीत. पाचव्या दिवशी आले, भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाई, आम्हाला काहीही पचतं असं वाटलं का तुम्हाला?’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यानंतरचं माझं सगळं काम त्या एका प्रश्नातून निघालं आहे.

टोपात काय घडलं ते मला एका डॉक्टरांनी नंतर समजावलं. तांदळाच्या दाण्यावर बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, झपाट्यानं वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं ते विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. ते नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही. ज्या वाफेनं मी हरखले होते, ती वाफच सांगत होती की टोपाचा मधला भाग रात्रभर नेमक्या त्या उबेत बसला होता. मांसाच्या रश्श्याच्या, कडधान्यांच्या मोठ्या पातेल्यांत असाच दुसरा एक वाढतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. आणि जेवण वाढणाऱ्याच्या बोटावरच्या जखमेतून, त्याच्या नाकातून तिसरा उतरतो, स्टॅफिलोकॉकस. याचंही विष उकळीला जुमानत नाही. म्हणून ‘गरम केलं की झालं’ ही समजूत आजच मनातून काढून टाक.

५ अंश सेल्सिअसच्या खाली जिवाणू सुस्तावतात, ६० अंशांच्या वर वाढू शकत नाहीत. मधला सगळा टापू त्यांचा. शिजलेलं अन्न त्या टापूत सगळं मिळून चार तासांहून जास्त राहिलं की ते फेकायचं. ‘सगळं मिळून’ हे नीट लक्षात घे. समारंभात टेबलावर मांडून ठेवलेला वेळ, गाडीतला वेळ, तुझ्या ओट्यावरचा वेळ, सगळ्याची बेरीज करायची. दोन तासांच्या आत असेल तर फ्रीजमध्ये ठेवता येतं; दोन आणि चारच्या मधलं लगेच वाढून संपवायचं. आणि हे घड्याळ तू दारात पोचलीस तेव्हा सुरू होत नाही. आचाऱ्यानं ते गरम ठेवायचं थांबवलं त्या मिनिटाला ते सुरू झालेलं असतं.

गार करायचं तर तेही पटकन. मोठं पातेलं तसंच्या तसं फ्रीजमध्ये घातलं तर कडेनं गार होतं आणि पोटात तासन् तास ऊब धरून राहतं. माझ्या भाताचं तेच झालं. अन्न पसरट ट्रेमध्ये दोन-अडीच इंचांच्या थरात पसर, ट्रेखाली बर्फाचं पाणी ठेव, अधूनमधून ढवळ. ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. पुन्हा गरम करताना मधोमध ७५ अंश झाले पाहिजेत, आणि तेही एकदाच. दुसऱ्यांदा उरलं तर मन घट्ट करून टाकून द्यायचं.

आता मूळ गोष्टीवर येते. पुढच्या वेळी तोच फोन आला तर काय करायचं? पहिला प्रश्न विचार: स्वयंपाक कधी उतरला? दुसरा: तेव्हापासून तो कशावर होता, चुलीवर की नुसत्या टेबलावर? तिसरा: तो वाढपाच्या भांड्यांतला आहे की आत झाकून ठेवलेल्या पातेल्यातला? या तीन उत्तरांत बेरीज चार तासांच्या पुढे जात असेल तर ‘क्षमा करा, आम्हाला घेता येणार नाही’ एवढंच म्हणायचं. समोरचा दुखावेल. ‘एवढं चांगलं अन्न, आणि उपाशी माणसं असताना तुम्ही नाही म्हणता?’ असंही ऐकवेल. मला कितीदा ऐकवलंय! त्याच्या मनात तेव्हा एक ओझं असतं: अन्न वाया जातंय याची टोचणी. ती त्याला तुझ्या गाडीत चढवायची असते. त्याची भावना खोटी नसते, पण ओझं उतरवायची जागा म्हणून आपली माणसं नाहीत. तू दात्याशी नेहमी गोड बोल. कामाला मात्र तू जेवणाऱ्याची आहेस.

आपल्या भाषेनं या बाबतीत फार बारीक भेद केले आहेत. उरलेलं वेगळं, शिळं वेगळं, उष्टं वेगळं, खरकटं वेगळं, विटलेलं वेगळं. इंग्रजी बोलणाऱ्यांना एवढ्या शब्दांची गरज पडत नसावी, आपल्याला पडते. आपण फक्त उरलेलं घ्यायचं. कुणाच्या ताटातून परत आलेलं ते उष्टं, त्याला हात लावायचा नाही, मग ते कितीही चांगलं दिसो. आणि पाहुण्यांनी स्वतः वाढून घेतलेल्या उघड्या भांड्यांतलं? त्यात वीस जणांचे हात, श्वास, खोकला सगळं पडलेलं असतं. मी घेत नाही. यावर माझ्याशी वाद घालणारी चांगली माणसं आहेत. मी ऐकून घेते आणि तरीही घेत नाही.

माझा खरा सल्ला याहून पुढचा आहे. शिजलेल्याच्या मागे धावू नकोस. न शिजलेलं माग.

१९६७ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थानं पहिली फूड बँक सुरू केली. ते गरिबांसाठी चालणाऱ्या एका भोजनगृहात स्वयंसेवक होते. दुकानांमागच्या कचऱ्यातून मुलांसाठी खाणं शोधणाऱ्या एका आईशी त्यांची गाठ पडली, आणि ‘अन्न टाकून देण्याऐवजी ठेवायला आणि लागेल तेव्हा काढायला बँकेसारखी जागा हवी’ ही कल्पना तिच्याच बोलण्यातून आली, असं ते सांगत. त्या बाईचं नाव कुठे नोंदलेलं माझ्या वाचनात आलं नाही, याची मला अजून हळहळ वाटते. सेंट मेरीज या चर्चनं एक पडीक इमारत दिली आणि काम उभं राहिलं. आज जगभर जिथे जिथे फूड बँका आहेत, त्यांचं मूळ तिथे आहे. तिथे जमायचं ते बहुतेक कोरडं, डबाबंद किंवा झाडावरून उतरवलेली फळं. बँक ही कल्पना चालली ती म्हणूनच. पाकिटातला आणि कच्चा माल तुला वेळ देतो. शिजलेला माल तुझा वेळ खातो.

दुकानांत रोज संध्याकाळी डाग पडलेली, वाकडी, जरा जास्त पिकलेली फळं-भाज्या बाजूला काढतात. घाऊक बाजारात गाडी उशिरा आली म्हणून पूर्ण लॉट पडून राहतो. शेतात आकारात न बसलेलं तसंच राहतं. ते आण, निवड, धू, आणि स्वतःच्या चुलीवर शिजव. मग घड्याळ तुझ्या हातात सुरू होतं. स्वयंपाक अकराला उतरला आणि साडेबाराला वाढला, हे तुला पक्कं ठाऊक असतं. कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. जेवण गरम आणि ताजं असतं, आणि जेवणाऱ्याला ते ‘उरलेलं’ म्हणून मिळत नाही, स्वयंपाक म्हणून मिळतं. मला या सगळ्या कामातला हा फरक सर्वांत मोठा वाटतो.

निवडणं हेच यातलं निम्मं काम, आणि ते शिकायला वेळ लागतो. डाग आणि सड यांतला फरक बोटांना कळतो: डागाखालचा गर घट्ट असतो, सडीत बोट रुततं. गाजर, कोबी अशा घट्ट भाजीवर बुरशीचा ठिपका असेल तर इंचभर खोल कापून बाकीची वापरता येते. मऊ फळ, पाव, शिजलेलं काही, यांवर बुरशी दिसली की सगळंच टाकायचं, कारण तिचे धागे दिसतात त्याहून खूप आत गेलेले असतात. हिरवा पडलेला बटाटा शिजवून निर्धोक होत नाही. हिरवा भाग जाड काढ, फार हिरवा असेल तर फेक. फुगलेला डबा उघडूनही बघू नकोस. राजम्यासारखी कडधान्यं दान आली तर भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय मंद आचेवर टाकू नकोस. अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही जास्त बाधतो. आणि पाकिटावरची तारीख नीट वाच. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ म्हणजे त्यानंतर चव, कुरकुरीतपणा थोडा उतरेल, एवढंच. ‘या तारखेपर्यंत वापरा’ असं लिहिलेलं असेल तर ती सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की माल बाद. या दोन तारखांच्या घोळात जगात चांगलं अन्न टाकलं जातं आणि वाईट अन्न वाटलंही जातं.

स्वयंपाकाबद्दल किती लिहू? हात आवरता घ्यावा लागेल, कारण माझा जीव तिथेच आहे. आज काय येईल हे सकाळी माहीत नसतं. एका दिवशी चाळीस किलो टोमॅटो, दुसऱ्या दिवशी फक्त भोपळा, तिसऱ्या दिवशी डोंगरभर पाव आणि बाकी काहीच नाही. नवखा माणूस आलेल्या मालाकडे बघून घाबरतो आणि सगळं एका पातेल्यात ढकलतो. त्याची जी लगदावजा भाजी होते तिला कुठलीच चव नसते. तू पदार्थ आधी ठरव आणि माल त्यात बसव. पाच-सहा साचे डोक्यात पक्के असले की पुरतं: एक दाट सूप, एक कडधान्याचा रस्सा, एक सुकी भाजी, भाज्या घातलेला भात, भाजलेल्या भाज्या, फळांचं काही गोड. प्रत्येक साच्यात काय ऐनवेळी बदलता येतं आणि काय नाही, हे हाताला ठाऊक हवं. टोमॅटोचा ढीग आला की त्याच दिवशी शिजव, गाळ, आटव, पसरट डब्यांत गार करून तारीख लिहून फ्रीझरमध्ये टाक. भोपळ्याच्या दिवशी तो तुला वाचवेल. पालेभाजी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकलीस तर रंग राहतो आणि ढिगाची जागा मूठभर होते. सुकलेला पाव भाजून त्याचा चुरा कर, रस्सा दाट करायला कामी येतो.

दान आलेल्या मालात पाव आणि गोड पदार्थ कायम जास्त असतात, प्रथिनं कायम कमी. कारण सोपं आहे: जे स्वस्त आणि लवकर शिळं होणारं, तेच जास्त उरतं. तेवढ्यावरच स्वयंपाकघर चालवलंस तर तू माणसांना पिठावर आणि साखरेवर ठेवशील. ज्याचा मधुमेह तपासलाही गेलेला नाही, अशा माणसाला रोज केकचे तुकडे देणं मदत नव्हे. म्हणून कडधान्य, तेल, मीठ, कांदा, मसाले आणि जमल्यास अंडी, एवढं विकतच घ्यायचं. ‘सगळं फुकटात झालं’ असं सांगण्याच्या मोहात पडू नकोस. चांगल्या जेवणाचा पाया विकतचा असतो, त्यावर उरलेल्याचा मजला चढतो. देणगी मागताना हे उघडपणे सांग.

कायद्याबद्दल विचारलंयस. तुझ्या ठिकाणचा नियम काय ते तिथल्या अन्न-अधिकाऱ्यांकडे जाऊन विचार, नोंदणी लागत असेल तर ती आधी कर. पुष्कळ दुकानदार द्यायला तयार असतात पण कुणी आजारी पडलं तर आपल्यावर येईल, या भीतीनं हात आखडतात. अमेरिकेत १९९६ साली बिल इमर्सन यांच्या नावानं झालेल्या कायद्यानं सद्भावनेनं अन्न देणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिलं. गंभीर निष्काळजीपणा केला असेल तर मात्र नाही. फ्रान्सनं २०१६ साली वेगळी वाट धरली: ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करून टाकायला बंदी केली आणि सेवाभावी संस्थांशी देण्याचा करार करायला लावला. दोन्ही मला आवडतात. पण कायदा फार तर माल दारापर्यंत आणतो. तो दारात उतरल्यावर ‘हे क्रेट घेते, ते परत न्या’ असं म्हणणारी बाई तिथे उभी असावी लागते.

त्यासाठी दात्यांशी आधीच बोलून ठेव. मोठ्या समारंभापेक्षा रोज तीन वाजता वीस माणसांचं जेवण उरवणारी एखाद्या कार्यालयाची खानावळ लाख मोलाची. तिथल्या आचाऱ्याला भेट. अन्न उतरल्या उतरल्या झाकण, वर वेळ लिहिलेली चिकटपट्टी, गरम राहील असा पेटारा, एवढं त्याच्याशी ठरव. आणि एक जाड वही घाल. काय आलं, कुठून, कधी शिजलं, आलं तेव्हा किती अंश होतं, कुणाला कधी दिलं. शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, गहू यांतलं काही त्यात आहे का, तेही लिही. शेंगदाण्यानं घसा सुजणाऱ्याला भूक लागली म्हणून शेंगदाणा सोसत नाही. माझ्या त्या भाताच्या वेळी वही नव्हती. अकरा माणसांचा आकडा मी आठवणीवरून सांगतेय. कदाचित जास्त असतील.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांच्याकडे वळू. पत्रासोबत तू पाठवलेला फोटो मी जपून बाजूला ठेवलाय, पण कुणाला दाखवणार नाही. त्यात एक बाई घास तोंडात घालतेय आणि तिचे डोळे कॅमेऱ्याकडे आहेत. तिला नको होता तो फोटो. तिचे डोळेच सांगतात. दात्यांना पुरावा हवा असतो हे मला कळतं. त्यांना वही दाखव, रिकाम्या पातेल्यांचा फोटो पाठव. खाणाऱ्या माणसाचा चेहरा पावती म्हणून द्यायचा नसतो.

इटलीतले प्रसिद्ध शेफ मासिमो बोतुरा यांनी २०१५ साली मिलानच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी एका जुन्या नाट्यगृहात उरलेल्या मालाचं भोजनगृह उघडलं. जगभरातले नावाजलेले आचारी तिथे येऊन आदल्या दिवशीचा पाव, पिकून मऊ झालेली फळं शिजवत आणि बेघर माणसांना टेबलावर बसवून वाढत. तुझ्याजवळ नाट्यगृह नाही, नावाजलेले आचारीही नाहीत. पण बसायला जागा, धुतलेलं ताट, प्यायचं पाणी आणि हात धुवायला साबण एवढं तुला जमेल. आणि दोन पदार्थांतला कुठला हवा, हे विचारणंही जमेल. ‘भात घालू की नको?’ हा प्रश्न ज्याला महिनोन् महिने कुणी विचारलेला नाही, तो क्षणभर गोंधळतो आणि मग सरळ बसतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय. त्यांना काय आवडलं नाही तेही विचार. आमच्याकडे सूप पातळ असतं, असं पहिल्यांदा सांगितलं ते त्याच भिंतीला धरून उभ्या राहिलेल्या आजोबांनी. ते खरं होतं. पुढे ते रोज तासभर आधी येऊन भाज्या निवडायला बसत. चाकू त्यांचा स्वतःचा असे.

वॉशिंग्टनच्या रॉबर्ट एगर यांची सुरुवात तुझ्यासारखीच झाली होती. जानेवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांच्या शपथविधीच्या मेजवान्यांत उरलेलं अन्न गोळा करून त्यांनी डीसी सेंट्रल किचन सुरू केलं. पण ते मेजवान्यांपाशी थांबले नाहीत. ज्यांना काम नव्हतं, जे तुरुंगातून सुटून आले होते, व्यसनातून बाहेर पडत होते, त्यांना त्याच स्वयंपाकघरात आचारी म्हणून तयार केलं. माल आला, जेवण झालं, आणि माणसाच्या हाताला धंदाही आला. तुझ्या पुलाखालच्या माणसांत कुणीतरी पूर्वी कुठे स्वयंपाक केलेला असेल. विचार तरी.

आणखी एक, जे ऐकायला तुला कदाचित आवडणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२२ सालचा हिशेब मांडला तेव्हा दुकानं, खानावळी आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचं दिसलं. खाता न येणारी सालं-हाडं त्यात धरलेली आहेत. ग्राहकापर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. तुझी गाडी त्या घरांपर्यंत कधीच पोचणार नाही. आणि त्याच सुमारास, २०२३ मध्ये, ७१ ते ७६ कोटी माणसं उपाशी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, इकडचं तिकडे नेलं की झालं. मलाही वाटायचं. पण माणूस उपाशी असतो तो बहुतेक वेळा अन्न नाही म्हणून नव्हे, विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून. आपलं पातेलं आजची रात्र भागवतं. त्याची मजुरी, त्याचं छप्पर, त्याचं औषध हा वेगळा लढा आहे, आणि तो लढणाऱ्यांच्या बाजूनं तू उभी राहिलीस तर मला आनंद होईल.

म्हणून खानावळीच्या आचाऱ्याला दर महिन्याला तुझ्या वहीतला हिशेब दे. दर सोमवारी सहा किलो भात उरतो, हे त्याला कागदावर दिसलं की पुढच्या महिन्यात तो चार किलो कमी टाकेल. तुझं येणं घटेल. घटू दे. एका ठिकाणी माझा माल वर्षभरात निम्म्यावर आला आणि माझ्या स्वयंसेवकांना वाईट वाटलं. मी त्यांना त्या दिवशी गोड करून घातलं.

नोकरी सोडून हेच करू का, असं विचारलंयस. आत्ता नको. आठवड्यातले दोन दिवस ठरव, तेच दोन दिवस, सहा महिने, पाऊस असो, कंटाळा असो, तू आजारी असलीस तर तुझ्या जागी कोण हे ठरलेलं असो. भुकेल्या माणसाला तू कधी येतेस हे माहीत असणं, तू किती आणतेस यापेक्षा मोलाचं आहे. त्याला त्या दिवसाची आखणी करता येते. सहा महिने भांडी घासूनही तुला हेच करायचं असेल तर मला लिही, मग पैशांचं बोलू. तुझ्या मैत्रिणींतली जी न बोलता भांडी घासते तिला सांभाळ. गाडीवर जायला दहा जण मिळतात.

या पत्रासोबत एक पुडकं येईल. त्यात माझा टोचायचा थर्मामीटर आहे. मधला दांडा जरा वाकलाय पण माप अचूक आहे. तरी तू पडताळून घे: पेलाभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, दांडा मधोमध धरून ढवळ, काटा शून्यावर आला पाहिजे. प्रत्येक पातेल्याआधी आणि नंतर पुसून स्पिरिटनं स्वच्छ कर. गुरुवारी तू त्या खानावळीत जाणार आहेस ना? मधोमध टोच, कडेला नको. किती अंश भरले ते मला कळव.

तुझी,
मावशी